मागून भरायची बंदूक : घडण, आटे आणि काडतूस (गोव्याच्या संदर्भात)

बंदुकीचा इतिहास आपल्या पाठ्यक्रमात बहुधा लढायांच्या इतिहासाचे शेपूट म्हणून येतो. कोण जिंकले, कोण हरले हे सांगून झाले की शस्त्रांचा उल्लेख होतो आणि तोही ‘आधुनिक शस्त्रे’ एवढ्या दोन शब्दांत. ती शस्त्रे कोणी घडविली, कोणत्या हत्यारांनी घडविली, गावातल्या लोहाराला ती घडविता आली असती की नाही, हे प्रश्न इतिहासाचा शिक्षक विचारीत नाही. तंत्रशिक्षणाचा शिक्षक ते विचारू शकतो, पण त्याच्या विषयात इतिहास येत नाही. कम्युनिटी कॉलेजात मात्र हे दोन्ही शिक्षक एकाच इमारतीत काम करीत असतात. म्हणून हा विषय तेथे घेण्यासारखा आहे.

गोव्यासाठी तो परका नाही. वास्कोजवळ मुरगावच्या टोकावर १६२४ मध्ये बांधावयास घेतलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि शेजारी बंदर आहे. वास्को शहराला ज्याचे नाव मिळाले त्याच्या मागोमाग आलेल्या पोर्तुगीज जहाजांवर मागून भरायच्या तोफा होत्या. पुढे जवळजवळ चार शतकांनी, १८८० च्या दशकात याच बंदरातून रेल्वे निघाली, तेव्हा पोर्तुगीज सैन्य मागून भरायच्या रायफली स्वीकारीत होते. कल्पना एकच, पण मधे साडेतीनशेहून अधिक वर्षे गेली. हा विलंब का झाला, आणि तो संपला तेव्हा स्थानिक कारागिराच्या हातून काय निसटले, हे या लेखात पाहावयाचे आहे.

काही संज्ञा

बंदुकीच्या नळीला दोन टोके असतात. गोळी जेथून बाहेर पडते ते तोंड, आणि दारू जेथे पेटते ते बूड. तोंडातून दारू व गोळी घालून गजाने ठासावयाची, ती ठासणीची बंदूक. कोकणात आणि गोव्यात हा शब्द आजही सर्वांच्या तोंडी आहे. बुडाकडून भरावयाची ती मागून भरायची बंदूक. नळीच्या आतल्या अंगाला पेचदार खाचा, म्हणजे चऱ्या पाडलेल्या असल्या की ती रायफल. चऱ्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा धरून राहते. चऱ्या नसलेली नळी सपाट नळी.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. त्यात वजनाने सुमारे तीन चतुर्थांश सोरा असतो. रसायनशास्त्राच्या शिक्षकाने वर्गात सांगण्यासारखी गोष्ट अशी की, ही दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून कमी भाग वायुरूप होतो. उरलेला निम्म्याहून अधिक भाग घन असतो. त्यातला काही धूर म्हणून दिसतो आणि काही काजळीसारखा नळीत चिकटतो. हा थर ओल खेचून घेतो, घट्ट होतो आणि प्रत्येक बारागणिक वाढतो. मागून भरायच्या बंदुकीच्या सगळ्या अडचणींच्या मुळाशी ही काजळी आणि गळणारा वायू हे दोन शत्रू आहेत.

फिरंगी नावाची तोफ

सोळाव्या शतकातील पोर्तुगीज जहाजांच्या कठड्यावर ‘बेर्सो’ नावाची लहान तोफ बसविलेली असे. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ पाळणा. तोफेच्या बुडाकडे वरून उघडी अशी एक पन्हळ असे. दारू भरलेली, मूठ असलेली, पाणी प्यायच्या तांब्याएवढी किंवा त्याहून मोठी एक लोखंडी कोठी त्या पन्हळीत ठेवायची, मागे पाचर ठोकायची आणि बत्ती द्यायची. एका तोफेबरोबर अशा अनेक कोठ्या आगाऊ भरून ठेवलेल्या असत. एक उडाली की काढली आणि दुसरी ठेवली. जहाजाच्या कठड्यावर उभे राहून तोफेच्या तोंडाशी वाकून दारू ठासण्यापेक्षा हे केव्हाही सोयीचे होते.

या प्रकारच्या तोफांची कीर्ती त्यांच्या नावावरूनच कळते. चीनमध्ये १५२० च्या दशकात त्यांच्या नकला होऊ लागल्या आणि तेथे त्यांना ‘फो-लांग-ची’ म्हणत. हा ‘फिरंगी’ शब्दाचाच चिनी उच्चार होय. बाबराने आपल्या आठवणींत १५२६ च्या पानिपतच्या लढाईत उस्ताद अली कुलीने ‘फिरंगी’ चालविल्याची नोंद केली आहे. त्याही याच जातीच्या तोफा होत्या असे अनेक इतिहासकार मानतात. मराठीत फिरंगी म्हणजे पोर्तुगीज आणि फिरंग म्हणजे सरळ पात्याची तलवार. चीनमध्ये आणि बाबराच्या सैन्यात हाच शब्द तोफेला चिकटला.

परंतु बेर्सोत एक दोष होता आणि तो कोणत्याही लोहाराला दूर करता आला नाही. कोठीचे तोंड आणि नळीचे बूड जेथे एकमेकांना भिडतात तेथे फट राहते. हाताने घडविलेले दोन लोखंडी पृष्ठभाग कितीही घासले तरी त्यांत केसाएवढे अंतर राहतेच. दारू पेटली की त्या फटीतून जळता वायू मागे आणि बाजूला फवारतो. म्हणून दारू कमी घालावी लागे आणि पल्ला तोकडा राही. तोफेजवळ उभ्या असलेल्या गोलंदाजाला हा फवारा सहन करता येई, कारण त्याचा चेहरा तोफेपासून हातभर दूर असे. खांद्याला लावायच्या बंदुकीत तो थेट डोळ्यांत गेला असता. मागून भरायच्या हातबंदुकी युरोपात सोळाव्या शतकातही झाल्या. पण त्या राजेरजवाड्यांच्या शिकारीपुरत्या राहिल्या. पलटणींच्या हाती ठासणीचीच बंदूक राहिली.

गोव्याचे आटे

१५१० मध्ये आफोन्सो द अल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला, तेव्हा त्याला येथे शस्त्रशाळा आणि त्यात काम करणारे कारागीर सापडले. १ डिसेंबर १५१३ च्या एका पत्रात त्याने पोर्तुगालच्या राजाला कळविले की, गोव्याचे बंदूक घडविणारे उस्ताद बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे काम करतात, आणि त्यांच्या बंदुकीच्या बुडाला आट्यांची गुडदी बसविलेली असते. त्याने कामाचे नमुने तर पाठविलेच, शिवाय एक उस्तादही पाठवीत असल्याचे लिहिले.

या पत्राचा उल्लेख अभिमानाने वारंवार केला जातो, परंतु त्यातला आट्यांचा तपशील बहुतेक वेळा वगळला जातो. खरी तांत्रिक बातमी तीच आहे. ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बंद करावी लागते. सांधून कायमची बंद केली, तर आत साचलेली काजळी नीट काढता येत नाही आणि बुडाजवळ गंज धरतो. आटे पाडून गुडदी बसविली, तर वेळप्रसंगी ती काढून नळी आरपार साफ करता येते. पण त्यासाठी नळीच्या आत आटे पाडावे लागतात. बाहेरचे आटे कानशीने पाडता येतात. आतले आटे पाडणे हे वेगळेच काम आहे. फिटरच्या वर्गात आज आपण टॅप आणि डाय विद्यार्थ्याच्या हातात देतो, त्यामुळे या कामातील अवघडपणा त्याच्या लक्षात येत नाही. जपानच्या तानेगाशिमा बेटावर १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर पहिल्या बंदुका पोहोचल्या. तेथील कुशल लोहारांनी नळी उत्तम घडविली, पण गुडदीच्या आट्यांशी ते अडले. ही विद्या पुढील वर्षी आलेल्या एका परदेशी लोहाराकडून मिळाली अशी जपानी परंपरा आहे, आणि त्यासाठी तेथील लोहाराने आपली मुलगी देऊ केली अशी आख्यायिकाही तिला जोडलेली आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या काळी आट्यांचे मोल काय होते हे तिच्यावरून कळते. तानेगाशिमाच्या बंदुका गोवा-मलाक्का भागातील घडणीच्या होत्या असे शस्त्रांच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे.

नळीच्या घडणीचे सर्वांत नेमके वर्णन आपल्याकडे अबुल फझलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त मिळते. लोखंडी पत्रा नुसता गुंडाळून कडेला कड जोडली की नळी फाटत असे. अकबराच्या कारखान्यात पत्रा तिरपा पीळ देत गुंडाळला जाई, एक घडी दुसरीवर चढविली जाई आणि भट्टीत थोडी थोडी तापवून ती सांधली जाई. सांधा नळीच्या लांबीला समांतर न राहता तिच्याभोवती फिरत गेला की वायूचा दाब त्यावर सरळ पडत नाही. उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन कारागिरांची नावे अबुल फझलने आवर्जून नोंदविली आहेत. एका बैलाने फिरविलेल्या चाकावर एकाच वेळी सोळा नळ्या आतून साफ करण्याच्या यंत्राचेही वर्णन त्याने दिले आहे. वर्कशॉपच्या शिक्षकाने हा उतारा इतिहासाच्या शिक्षकाकडून मागून घ्यावा. भट्टी, भाता, ऐरण, घण, कानस आणि एक बैल एवढ्या साधनांवर जगातील उत्तम नळ्यांपैकी काही नळ्या तयार होत होत्या.

म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकात डिचोलीच्या किंवा सावंतवाडीच्या चांगल्या लोहाराजवळ तोड्याची बंदूक संपूर्ण घडविण्याइतकी विद्या असणे अशक्य नव्हते. नळी, गुडदी, तोडा धरणारा घोडा, लाकडी दस्ता यांपैकी कशासाठीही समुद्रापलीकडे जावे लागत नव्हते.

युरोपातही हा प्रश्न काही लगेच सुटला नाही. पॅट्रिक फर्ग्युसन या इंग्रज सैन्यातील स्कॉटिश अधिकाऱ्याने १७७६ मध्ये एक रायफल पेटंट केली. तिच्या नळीच्या बुडात उभी आट्यांची गुडदी होती आणि चापाची कडी हा तिचा दांडा होता. कडी एक वेढा फिरविली की गुडदी खाली जाई, वरून गोळी व दारू घालायची आणि कडी परत फिरवायची. एका वेढ्यात एवढे अंतर जावे म्हणून आटे एकाऐवजी अनेक ठिकाणांहून सुरू केलेले होते. टर्नरच्या विद्यार्थ्याला अनेक-आरंभी आट्यांचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. गोव्याच्या गुडदीचीच ही पुढची पायरी म्हणता येईल. पण अशा रायफली सुमारे शंभरच झाल्या. आट्यांत काजळी बसली की गुडदी अडे, आणि इतके नेमके आटे हाताने पाडणे खर्चाचे होते.

तोंडातून भरण्याची किंमत

चऱ्यांची नळी तोंडातून भरणे हा मुळातच विरोध आहे. गोळी चऱ्यांत घट्ट बसली तरच फिरेल. पण घट्ट बसणारी गोळी तोंडातून आत लोटायची म्हणजे वेळ आणि ताकद जाते. यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एक युक्ती निघाली. गोळी थोडी सैल आणि मागून पोकळ करायची. आत जाताना ती सहज जाते आणि बार उडाला की वायूच्या दाबाने मागे फुगून चऱ्या पकडते. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल याच तत्त्वावर चाले. तिचे काडतूस कागदाचे होते. ते दातांनी फोडायचे, दारू नळीत ओतायची आणि वंगण लावलेल्या कागदासह गोळी आत ठासायची.

वंगणात गाय व डुक्कर यांची चरबी असल्याची बातमी जानेवारी १८५७ मध्ये डमडमहून पसरली आणि पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. येथे फक्त तांत्रिक बाजू लक्षात घ्यावयाची आहे. मुसलमान आणि हिंदू शिपायांच्या ओठांशी ती चरबी आली, कारण चऱ्यांची बंदूक तोंडातून भरावी लागत होती. कागद घसरावा म्हणून वंगण, आणि काडतूस फोडायला शिपायाचे दात. बंदूक मागून भरता आली असती, तर या दोन्हींची गरज पडली नसती. एप्रिल १८५७ मध्ये मेरठला ज्या ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली, त्यांना दिलेली काडतुसे नवी नव्हती, जुन्याच प्रकारची होती. तोपर्यंत अविश्वास काडतुसाच्या नमुन्यापुरता राहिलेला नव्हता.

प्रशियाच्या सैन्याने १८४१ मध्येच ड्रायसेची ‘सुईची बंदूक’ स्वीकारली होती. ती मागून भरली जाई आणि १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात तिने आपला प्रभाव दाखविला. पण तिचे काडतूस कागदाचे असल्याने बुडाशी वायू गळायचाच. शिपाई बंदूक गालाला लावण्याचे टाळीत, असे तिच्याविषयी सांगितले जाते.

फट बुजली ती पितळाने

साडेतीनशे वर्षे सगळ्यांनी फट बुजविण्यासाठी लोखंडावर लोखंड घासले. उत्तर मात्र लोखंडात नव्हतेच. ते काडतुसात होते. पातळ पितळी टोपण बुडात ठेवले आणि आत दारू पेटली, की पितळ क्षणभर फुगून नळीच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब उतरला की लवचीकपणामुळे किंचित आकसते आणि बाहेर काढता येते. म्हणजे प्रत्येक बाराबरोबर नवी गुडदी बसते आणि काढून टाकली जाते. बुडाचा लोखंडी दरवाजा मग फक्त आधार द्यायला पुरतो. त्याला वायू अडवायचा नसतो. इतकी साधी कल्पना सुचायला एवढी शतके का लागली असे विद्यार्थी विचारतात. उत्तर असे की, कल्पनेपेक्षा एकसारखा पातळ पत्रा लाखोंच्या संख्येने तयार करणे अवघड होते.

इंग्रज सरकारने १८६६ मध्ये जेकब स्नायडर या अमेरिकनाची पद्धत स्वीकारली, ती जुन्या एनफिल्ड रायफली वाया जाऊ नयेत म्हणून. नळीच्या बुडाचा सुमारे अडीच इंचाचा तुकडा कापायचा, तेथे आट्यांनी एक नवे घर बसवायचे आणि त्यात उजवीकडे बिजागरीवर उघडणारा ठोकळा ठेवायचा. वूलविचच्या प्रयोगशाळेतील कर्नल बॉक्सर याने तिच्यासाठी पितळी पत्र्याचे वेढे गुंडाळून, खाली लोखंडी चकती लावलेले काडतूस तयार केले. ठासणीच्या रायफलीतून मिनिटाला तीन बार उडत. स्नायडरमधून दहापर्यंत उडू लागले. स्नायडर स्वतः त्याच वर्षी हलाखीत वारला.

१८७१ मध्ये आलेली मार्टिनी-हेन्री ही जुन्याची दुरुस्ती नव्हती, नवी रचना होती. दस्त्याखालची कडी ओढली की बुडाचा ठोकळा मागच्या खिळ्यावर फिरून खाली झुकतो, रिकामे टोपण बाहेर फेकले जाते, नवे काडतूस सरकवायचे आणि कडी वर घ्यायची. ठोकळ्याची कृती फ्रिड्रिख फॉन मार्टिनी याची आणि नळीच्या सात चऱ्या एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री याच्या. बावीस इंचांत गोळीचा एक फेरा पूर्ण होई. काडतुसात ८५ ग्रेन म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम काळी दारू आणि ४८० ग्रेन म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम शिशाची गोळी असे. गुंडाळलेल्या पत्र्याचे टोपण मात्र तापलेल्या, धुळीने भरलेल्या बंदुकीत फाटून अडकू लागले. सुदानमधील १८८५ च्या मोहिमेत त्याचा बोभाटा झाला आणि मग एकसंध ओढीव पितळाचे टोपण आले.

हे ओढीव टोपण कसे तयार होते ते धातुकामाच्या शिक्षकाने जरूर समजावून द्यावे. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे पितळ घ्यायचे. पत्र्याची चकती कापून तिची वाटी करायची आणि ती वाटी क्रमाक्रमाने अरुंद होत जाणाऱ्या साच्यांतून दाबून लांबवायची. प्रत्येक दाबाने पितळ कडक होते. म्हणून मधून मधून तापवून ते पुन्हा मऊ करावे लागते. शेवटी बूड जाड व कडक राहिले पाहिजे आणि तोंड पातळ व लवचीक. याचा अर्थ एकाच वस्तूत दोन स्वभाव हवेत, आणि ते सगळ्या लाखो नगांत सारखे हवेत. हे काम ऐरणीवर होत नाही. त्याला वाफेवर चालणारे दाबयंत्र, पोलादी साचे आणि गेज लागतात.

गेज हा शब्द येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेत हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल याने १८२० च्या दशकात आपल्या मागून भरायच्या रायफलीचे सुटे भाग असे तयार केले, की एका बंदुकीचा भाग दुसरीत बसावा. त्यासाठी त्याने यंत्रांइतकीच मापाची साधने बनविली. १८५० च्या दशकात इंग्लंडने एनफिल्डच्या कारखान्यासाठी यंत्रे अमेरिकेतून आणविली. लाकडी दस्तासुद्धा नमुन्यावरून कोरणाऱ्या यंत्रावर निघू लागला. तरीही एक काम बराच काळ माणसाच्या डोळ्याकडेच राहिले, ते म्हणजे नळी सरळ आहे की नाही हे पाहणे. कारागीर नळीतून उजेडाकडे बघे, आतल्या अंगावर पडणाऱ्या सावलीची रेघ कोठे वाकते ते हेरी आणि तेथे हातोडीचा ठोका देई. अकबराच्या उस्तादांना हा माणूस ओळखीचा वाटला असता.

भारतात इंग्रजांनी काडतुसांचा कारखाना १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला काढला. देशी पलटणींना मात्र १८५७ नंतर बराच काळ जाणूनबुजून एक पिढी मागचे शस्त्र दिले गेले. प्रथम चऱ्या नसलेल्या नळ्या, मग गोऱ्या पलटणींनी टाकलेल्या स्नायडर, आणि गोऱ्यांच्या हाती पुढचे शस्त्र आल्यावर मार्टिनी.

पोर्तुगालचीही बंदूक स्टायरची

गोव्याकडे परत येताना एक गैरसमज दूर केला पाहिजे. राज्यकर्ते पोर्तुगीज, म्हणून बंदुका पोर्तुगालच्या, असे आपण धरून चालतो. पोर्तुगालने १८७२ च्या सुमारास स्नायडर पद्धत घेतली ती इंग्रजांची. त्यानंतर कास्त्रो गेदिश या पोर्तुगीज लेफ्टनंटने स्वतःची रायफल आखली. तिचा ठोकळाही मार्टिनीप्रमाणे दस्त्याखालच्या कडीने खाली जाई. १८८५ मध्ये ती स्वीकारली गेली. पण मोठ्या संख्येने ती घडविण्याची सोय पोर्तुगालमध्ये नव्हती, म्हणून काम ऑस्ट्रियातील स्टायरच्या कारखान्याकडे गेले. ते चालू असतानाच एकबारी बंदुकीचा काळ संपत आला. १८८६ मध्ये पोर्तुगालने क्रोपाचेक ही नळीखालच्या कोठारात आठ काडतुसे ठेवणारी रायफल घेतली, तीही स्टायरचीच. तिचे आठ मिलिमीटरचे काडतूस सुरुवातीला काळ्या दारूचेच होते. नको झालेल्या गेदिश रायफली पुढे दक्षिण आफ्रिकेतील बोअर प्रजासत्ताकांना विकल्या गेल्या. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्याच्या तोफेला चीनने ‘फिरंगी’ म्हटले, त्या देशाला आता आपल्याच अधिकाऱ्याने आखलेली बंदूक परक्याकडून घडवून घ्यावी लागली.

गोव्याच्या नव्या काबिजादींत, म्हणजे १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांकडे आलेल्या डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत, राण्यांची बंडे या दोन युगांच्या दोन बाजूंना पडतात. दीपाजी राणे यांनी १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेतला, तेव्हा दोन्ही बाजूंची बंदूक ठासणीची होती. डोंगरात राहून, दारू व शिसे मिळवून, गावच्या लोहाराकडून दुरुस्ती करून घेऊन असा लढा वर्षानुवर्षे चालविणे शक्य होते. तो १८५५ पर्यंत चालला. सप्टेंबर १८९५ मध्ये मोझांबिकला जाण्याचा हुकूम नाकारून मराठा शिपायांनी पणजीत बंड केले, ते शस्त्रांसह सत्तरीत गेले आणि दादा राणे त्यांना मिळाले. लिस्बनहून राजपुत्र आफोन्सो सैन्य घेऊन आला. या वेळी परिस्थिती निराळी होती. पलटणीतून आणलेली मागून भरायची रायफल कितीही चांगली असली, तरी तिचे काडतूस सत्तरीत, डिचोलीत, सावंतवाडीत कोठेही होत नव्हते. पट्ट्यातली काडतुसे संपली की ती रायफल म्हणजे एक महाग काठी. १८५२ आणि १८९५ यांची तुलना करताना राजकीय कारणांबरोबर हा हिशेब मांडला जात नाही, तो मांडला गेला पाहिजे.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. सरहद्द प्रांतात कोहाटच्या खिंडीतील आदमखेल आफ्रिदींनी मार्टिनी-हेन्रीच्या नकला साध्या हत्यारांनी, कानशीने घडविल्या, त्यावर इंग्रजी शिक्केसुद्धा उमटविले. मग हाताने होत नाही असे कसे म्हणावे? नकला झाल्या हे खरेच आहे आणि ती कारागिरी थक्क करणारी आहे. पण त्यांनाही सर्वांत मोठी टंचाई काडतुसांचीच होती. इंग्रजांची उडवलेली रिकामी टोपणे वेचून, विकत घेऊन ती पुन्हा भरली जात. बंदूक कानशीने होते, पण टोपण कानशीने होत नाही. आक्षेपातूनच मूळ मुद्दा पक्का होतो.

विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडताना ‘आपले कारागीर मागे पडले’ असे एक वाक्य सहज तोंडून निघते. ते चुकीचे आहे. नळी घडविण्यात ते मागे नव्हते. आट्यांत तर ते पुढे होते. फरक पडला तो एकसारखा पत्रा, मापाची साधने आणि एका वस्तूसाठी हजार माणसांचे काम बांधून घेणारी व्यवस्था यांत. या तिन्ही गोष्टी लिस्बनजवळही पुरेशा नव्हत्या.

शेतातली ठासणी

मागून भरायच्या काळ्या दारूच्या रायफली आज संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे उरल्या आहेत. १८८० च्या दशकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली आणि त्यांचे राज्य वीस-पंचवीस वर्षांतच संपले. त्यांनी जिला हद्दपार केले असे पुस्तकात लिहिलेले असते, ती ठासणीची बंदूक मात्र पेडणे, डिचोली, सत्तरी आणि पलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडी भागांत अजून शेतकऱ्याच्या घरी आढळते. रानडुक्कर, माकडे आणि गवे यांच्यापासून भात, नारळ आणि केळी राखण्यासाठी ती परवान्याने ठेवली जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्यासंबंधीच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी तोंडातून भरायच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तिचा उपयोग मुख्यतः बार काढून जनावर पिटाळण्यापुरता राहिला. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि नेमकी त्याच दिवसांत डुकरे शेतात उतरली की शेतकरी कुरकुरतो.

ती का टिकली याचे कारण कायद्याइतकेच तिच्या घडणीत आहे. तिला पितळी टोपण लागत नाही. घोडा सैल झाला, कमान मोडली, दस्ता तडकला, तर जाणता कारागीर ती दुरुस्त करू शकतो. अशी जुनी बंदूक पाहण्याची संधी मिळाली, तर परवानाधारकाच्या समक्ष आणि ती रिकामी असल्याची खात्री करून, शिक्षकाने विद्यार्थ्यांचे लक्ष नळीच्या मागच्या टोकाकडे वेधावे. तेथे शेपटीसारखी लोखंडी पट्टी दस्त्यात उतरलेली दिसते. ती पट्टी ज्या तुकड्याला जोडलेली असते तो नळीत आट्यांनी बसविलेला असतो.